हडंब्यापाशी उभे राहणाऱ्याने कोणती गोळी घ्यावी : अ‍ॅलर्जीच्या तीन गोळ्यांचे परीक्षण

सोयाबीनच्या मळणीचा हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, सुरू झाला की एका बाजूने दाणा पडतो, दुसऱ्या बाजूने कुटार उडते आणि या दोन्हींच्या मधल्या हवेत अतिशय बारीक, खाजरी धूळ भरून राहते. ती धूळ नाकात गेली की माझ्यासारख्या माणसाला संध्याकाळपर्यंत शिंका, नाकाची गळती आणि डोळ्यांची चुरचुर यांतून सुटका नसते. मी मोर्शी तालुक्यातील एका गावात विज्ञान शिकवतो आणि धाकट्या भावाच्या जोडीने घरचे वावर सांभाळतो. सोयाबीन, तूर आणि थोडी संत्र्याची बाग एवढा आमचा पसारा आहे. दसऱ्यापासून तुरीच्या मळणीपर्यंत अ‍ॅलर्जीची गोळी आमच्या घरात तिखटमिठाइतकी नित्याची असते.

यंदाच्या हंगामात मी औषधांच्या दुकानात सहज मिळणाऱ्या तीन गोळ्या डॉक्टरांना विचारून पाळीपाळीने घेतल्या. पहिली क्लोरफेनिरामाइन ४ मि.ग्रॅ., जिला सगळे सीपीएम म्हणतात. दुसरी सेट्रिझिन १० मि.ग्रॅ.; आणि तिसरी फेक्सोफेनाडिन १२० मि.ग्रॅ. शिंका थांबवण्याचे काम तिघींनीही केले, त्यामुळे त्या कसोटीवर परीक्षण लिहिण्यासारखे फारसे काही नाही. मी ज्या कसोटीवर त्यांना पारखले ती वेगळी आहे : गोळी नाकापाशी थांबते की रक्तातून मेंदूतही शिरते? यंत्राजवळ, ट्रॅक्टरवर किंवा मोटारसायकलवर ज्याचे काम आहे त्याच्यासाठी हाच प्रश्न पहिला आहे असे माझे मत झाले आहे, आणि ते मत होण्यामागे एक प्रसंग आहे.

गेल्या वर्षी कोजागिरीनंतरच्या आठवड्यात आमच्या वावरात हडंबा लागला होता. सकाळी मी एका दुकानातून ‘सर्दीची गोळी’ म्हणून चार गोळ्या घेतल्या. दुकानदाराने पट्टी कात्रीने कापून दिली, नावाचा भाग त्याच्याकडेच राहिला आणि मी घाईत पाण्यासोबत एक गोळी घेऊन वावरात गेलो. दुपारी दोनच्या सुमारास मी गंजीतून ओढलेले सोयाबीन हडंब्याच्या तोंडात लोटत होतो. मला झोप आली आहे असे अजिबात वाटत नव्हते. फक्त यंत्राचा आवाज थोडा दूर गेल्यासारखा वाटत होता. एका झुडपाची फांदी आत ओढली गेली, तिच्यासोबत माझा हात पुढे गेला, आणि तो मागे घ्यायला हवा हे कळत असूनही हात हलायला उशीर लागला. भावाने ‘दादा, मांगं सर!’ म्हणून माझ्या सदऱ्याची कॉलर धरून मला मागे ओढले. इजा काही झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन पट्टीचा उरलेला तुकडा पाहिला, तर त्या गोळीत पॅरासिटामॉलसोबत क्लोरफेनिरामाइन होते. ‘हिने झोप येते काय जी?’ असे मी विचारले तेव्हा ‘सर्दीच्या गोळीने थोडी गुंगी येतेच, सर,’ असे शांत उत्तर मिळाले. येतेच हे खरे नाही, आणि ते खरे का नाही हे समजून घेण्यासाठी मी पुढचे काही महिने वाचन केले.

हिस्टामिन हा पदार्थ शरीर स्वतःच तयार करते. धुळीचा कण नाकाच्या अस्तरावर पोचला की तिथल्या पेशी हिस्टामिन सोडतात, ते एच-वन नावाच्या ग्राहकांवर (पेशीवरच्या, असे रासायनिक निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनांवर) बसते आणि शिंका, खाज, पाणी हे सगळे सुरू होते. अ‍ॅलर्जीची गोळी हीच जागा आधी अडवते. पण हिस्टामिनला मेंदूत अगदी निराळे काम आहे. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात, हिस्टामिन बनवणाऱ्या चेतापेशींचा एक लहान पुंजका आहे. माणूस जागा असतो तेव्हा त्या पेशी कामावर असतात आणि झोपेत त्या गप्प होतात. त्यांनी सोडलेले हिस्टामिन मेंदूतल्या एच-वन ग्राहकांवर बसते म्हणून आपण सावध राहतो. नाकातला ग्राहक आणि मेंदूतला ग्राहक एकच असल्याने गोळीला त्यांच्यात फरक करता येत नाही. ती जिथे पोचेल तिथला ग्राहक अडवणार. म्हणून सारा प्रश्न ती कुठवर पोचते याचा आहे.

मेंदूपर्यंत पोचणे मात्र सोपे नाही. पॉल एर्लिक या जर्मन वैज्ञानिकाने १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले तेव्हा जवळजवळ सगळे अवयव रंगले आणि मेंदू पांढराच राहिला. १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी रंग रक्तात न टोचता मेंदूभोवतीच्या द्रवात टोचला, तर उलट घडले : मेंदू निळा झाला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. म्हणजे मेंदूला रंग चढत नाही असे नव्हते, तर रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी आडवे होते. ते नेमके कुठे आहे हे १९६७ मध्ये रीज आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या आहेत की त्यांच्या फटीतून काही जाऊच शकत नाही.

आमच्याकडे तुराट्यांचा कूड घालतात. नुसता बांधलेला कूड असेल तर त्यातून वारा, धूळ, मुंग्या सगळे ये-जा करते. शरीराच्या बहुतेक भागातल्या केशवाहिन्यांची भिंत तशी असते. तोच कूड शेणामातीने दोन्ही बाजूंनी लिंपला की फट उरत नाही. मेंदूतली भिंत तशी आहे. फट नसेल तर आत जाण्याचा मार्ग लिंपणातूनच, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणातून, आणि ते आवरण चरबीचे असते. जे रेणू लहान आहेत, तेलात विरघळतात आणि ज्यांच्यावर विद्युतभार नाही, ते त्यातून पाझरून पलीकडे जातात. मोठे, पाण्यात रमणारे, भार घेऊन फिरणारे रेणू अलीकडेच राहतात.

परंतु एवढ्यानेही काम भागत नाही, कारण तेलात विरघळणारे विषारी पदार्थ निसर्गात पुष्कळ आहेत. म्हणून त्या भिंतीच्या रक्ताकडच्या अंगाला काही प्रथिने पहारा देतात. त्यांतल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रथिनाचे नाव पी-ग्लायकोप्रोटीन आहे. ज्यांनी सोयाबीनची किंवा हरभऱ्याची जागल केली आहे त्यांना याचे काम लगेच उमजेल : रानडुक्कर कुंपण ओलांडून धुऱ्यावर आले तरी जागलीवरचा माणूस त्याला पिकात शिरू न देता आल्या वाटेने हाकलतो. हे प्रथिनही भिंतीच्या पेशीत शिरलेल्या रेणूला पकडून, पेशीतली ऊर्जा खर्च करून, पुन्हा रक्तात फेकते.

या पहाऱ्याचे महत्त्व जगाला एका अपघाताने कळले, आणि तो अपघात पशुपालकाला जवळचा वाटेल असा आहे. आपण गुरांच्या गोचिडांसाठी आणि जंतांसाठी जे आयव्हरमेक्टिन टोचतो, तेच नेदरलँड्समधील एका प्रयोगशाळेत उंदरांच्या अंगावरच्या किडींसाठी वापरण्यात आले. साध्या उंदरांना काही झाले नाही. पण ज्या उंदरांत पी-ग्लायकोप्रोटीनचे जनुक मुद्दाम काढून टाकले होते ते मरण पावले, कारण त्यांच्या मेंदूत औषध कित्येक पटींनी जास्त साचले होते. हा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोली जातीच्या अनेक मेंढपाळ कुत्र्यांना हेच औषध मोठ्या मात्रेत सोसत नाही, त्याचेही कारण त्यांच्यातले हे जनुक बिघडलेले असते हेच आहे.

आता गोळ्यांकडे वळतो.

क्लोरफेनिरामाइनचा रेणू लहान आहे, त्याचा रेणुभार सुमारे २७५. तो तेलात चांगला विरघळतो आणि पहारेकरी प्रथिनाच्या तावडीत तो फारसा सापडत नाही. रक्तात त्याच्या बहुतेक रेणूंवर धन भार असतो हे खरे, परंतु थोडे रेणू कायम भाररहित असतात. तेवढे आत पाझरले की त्यांची जागा भरायला मागचे तयार होतात आणि असे करत करत मेंदूत पुरेसे औषध पोचते. किती पोचते याचा हिशेब जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठातल्या संशोधकांनी केला. त्यांनी जिवंत, जाग्या माणसांच्या मेंदूचे पेट स्कॅन (किरणोत्सर्गी खूण टोचून काढलेली चित्रे) घेऊन गोळीने किती एच-वन ग्राहक व्यापले ते मोजले. क्लोरफेनिरामाइनच्या प्रभावी रूपाच्या २ मि.ग्रॅ. मात्रेने मेंदूतले साधारण निम्मे ग्राहक अडले होते. आपल्याकडच्या ४ मि.ग्रॅ.च्या गोळीत उजवे आणि डावे अशी दोन रूपे समसमान असतात आणि प्रभावी असते त्यांतले एक, म्हणजे आपण घेतो तीही नेमकी तेवढीच मात्रा आहे. निम्मे ग्राहक बंद ठेवून हडंब्यापाशी उभे राहायचे, असा त्याचा साधा अर्थ होतो.

माझा अनुभव याला धरूनच होता. सीपीएमच्या दिवसांत मी यंत्राजवळ गेलो नाही आणि गाडीही चालवली नाही. शाळेच्या प्रथम सत्राच्या उत्तरपत्रिका तेवढ्या तपासल्या. नाक पूर्ण कोरडे झाले, या बाबतीत तिघींमध्ये हीच सर्वांत जोरकस वाटली, पण तोंडही कोरडे पडले आणि जीभ टाळूला चिकटू लागली. तिसऱ्या दिवशी मला झोप येणे थांबले आणि मी सरावलो असे समजलो. त्याच दिवशी तपासलेल्या गठ्ठ्याची बेरीज सहकारी शिक्षिकेने पुन्हा पाहिली, तेव्हा तीन उत्तरपत्रिकांचे गुण चुकीचे निघाले. एकीत मी ७ वाचून १ धरला होता. इतकी चूक माझ्याकडून सहसा होत नाही.

झोप न येणे आणि सावध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आयोवा विद्यापीठाच्या अभ्यासात ४० जणांना गाडी चालवण्याच्या कृत्रिम यंत्रावर बसवले होते. त्यांना निरनिराळ्या दिवशी फेक्सोफेनाडिन, सीपीएमच्याच पिढीतले डायफेनहायड्रामाइन, मद्य आणि औषध नसलेली खोटी गोळी असे देण्यात आले. डायफेनहायड्रामाइन घेतलेल्या दिवशी त्यांचे गाडी चालवणे मद्य घेतलेल्या दिवसापेक्षाही वाईट ठरले, फेक्सोफेनाडिनच्या दिवशी ते खोट्या गोळीच्या दिवसासारखेच राहिले, आणि आपल्याला किती गुंगी आली आहे याचा माणसाचा स्वतःचा अंदाज त्याच्या चुकांशी नीट जुळला नाही. माझ्या हाताला उशीर झाला त्या दुपारी मलाही झोप जाणवत नव्हती. हा अभ्यास वाचताना मला ती दुपार पुन्हा आठवली आणि वाचन थोडा वेळ बाजूला ठेवावे लागले.

‘रात्री घेतली की सकाळपर्यंत उतरते’ हा समजही सीपीएमच्या बाबतीत धोक्याचा आहे. प्रौढ माणसाच्या रक्तातले हे औषध निम्मे व्हायला सुमारे वीस तास, काहींत त्याहूनही जास्त लागतात. रात्री नऊला घेतलेल्या गोळीचा मोठा वाटा सकाळी नऊला अंगात शिल्लकच असतो. जागलीला जाणाऱ्या माणसाने तर ही गोळी घेऊच नये. माळ्यावर चढून रात्रभर रोही आणि डुकरे हाकलायची, पहाटे अंधारात शिडीने उतरायचे, आणि अंगात औषध कशाचे तर जागेपणच काढून घेणारे.

वयस्क माणसांच्या बाबतीत माझे मत याहूनही कडक आहे. सीपीएम एच-वनच्या जोडीला अ‍ॅसिटिलकोलिन या दुसऱ्या रासायनिक दूताचेही ग्राहक अडवते, म्हणून तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी तुंबू शकते. काचबिंदू असलेल्यांनाही ती धोक्याची ठरू शकते. माझ्या बाबांनी मागच्या हिवाळ्यात सर्दीसाठी दोन रात्री ही गोळी घेतली आणि दुसऱ्या रात्री उठून ‘बैल कोणं सोडले?’ असे विचारत अंगणात उभे राहिले. बैल विकून आम्हाला सात वर्षे झाली आहेत. गोळी बंद केल्यावर ते दोन दिवसांत पूर्ववत झाले. वृद्धांना पहिल्या पिढीची ही औषधे शक्यतो देऊ नयेत असे वैद्यकीय मार्गदर्शनही आहे. लहान मुलांबाबत, सीपीएम आणि फिनाइलेफ्रिन यांचे सर्दीचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये अशी सूचना बाटलीवर छापण्याचे आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. घरात जुनी बाटली असेल तर ती सूचना तिच्यावर नसण्याची शक्यता लक्षात ठेवावी.

सेट्रिझिन ही हायड्रॉक्सिझिन या जुन्या, झोप आणणाऱ्या औषधापासूनच शरीरात तयार होणारी गोष्ट आहे. यकृत हायड्रॉक्सिझिनच्या रेणूच्या एका टोकाचे आम्लगटात रूपांतर करते, आणि त्या एका बदलाने रेणूचा स्वभाव पालटतो. आता त्याच्यावर धन आणि ऋण असे दोन्ही भार असतात, तो तेलापेक्षा पाण्यात जास्त रमतो, रेणुभार सुमारे ३८९ होतो आणि पहारेकरी प्रथिनही त्याला काही प्रमाणात ओळखते. त्यामुळे ती मेंदूत जाते, पण थोडी जाते. सेंदाईच्या मापनात १० मि.ग्रॅ.ने मेंदूतले साधारण १३ टक्के ग्राहक व्यापले आणि मात्रा दुप्पट केली तर २५ टक्के. ‘एकीने थांबत नाही म्हणून दोन घेतल्या’ असे सांगणाऱ्यांनी ही दुप्पट नीट लक्षात घ्यावी. अमेरिकेतल्या चाचण्यांत १० मि.ग्रॅ. घेणाऱ्या १०० पैकी साधारण १४ जणांना झोप जाणवली होती आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ६ जणांना.

मला स्वतःला सेट्रिझिनची गुंगी पहिले दोन दिवस जाणवली, तीही दुपारी जेवणानंतर. शिंका तासाभरात थांबल्या आणि चोवीस तास परत आल्या नाहीत. रात्री झोपताना घेतली तर सकाळी शाळेत पूर्ण सावध होतो. किमतीच्या दृष्टीने हिच्यासारखी सोय नाही : प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मला मोफत मिळाली आणि दुकानातली पट्टीही खिशाला जड नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, कारण ती बहुतांश लघवीवाटे जशीच्या तशी बाहेर पडते आणि मूत्रपिंड मंद असेल तर अंगात साचते. लेव्होसेट्रिझिन म्हणून मिळणारी ५ मि.ग्रॅ.ची गोळी म्हणजे सेट्रिझिनचे प्रभावी अर्धे रूप. तिने अजिबात झोप येत नाही असे सांगून ती खपवली जाते, तसा फरक मला जाणवला नाही.

फेक्सोफेनाडिनवर मला सर्वांत जास्त लिहायचे आहे. तिच्या आधी टर्फेनाडिन नावाचे औषध होते, जे अमेरिकेत १९८५ मध्ये आले आणि झोप न आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी म्हणून गाजले. पुढे असे दिसले की काही विशिष्ट औषधांसोबत घेतल्यास ते यकृतात मोडत नाही, रक्तात साचते आणि हृदयाचे ठोके जीवघेण्या रीतीने बिघडवते. अ‍ॅलर्जीवर खरे काम करत होता तो यकृतात टर्फेनाडिनपासून बनणारा पुढचा पदार्थ, आणि त्याला हृदयाचा तो धोका नव्हता. तो पदार्थ म्हणजेच फेक्सोफेनाडिन. १९९६ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि १९९८ मध्ये टर्फेनाडिन तिथल्या बाजारातून गेले.

हिचा रेणुभार सुमारे ५०२, म्हणजे सीपीएमच्या जवळजवळ दुप्पट. दोन्ही भार अंगावर, तेलाशी वैर, आणि जे थोडे रेणू भिंतीच्या पेशीत शिरतात त्यांना पी-ग्लायकोप्रोटीन परत रक्तात लोटते. लिंपलेला कूडही आडवा आणि जागलही कडक. सेंदाईच्या मापनात १२० मि.ग्रॅ. घेतल्यावर मेंदूतल्या ग्राहकांवर तिचा मागमूस दिसला नाही. आकडा शून्याच्या आसपास होता. मी ती घेऊन सलग नऊ दिवस हडंब्यावर काम केले, शाळेत शिकवले, मोटारसायकलवरून तालुक्याला गेलो. गुंगी नाही, तोंड कोरडे नाही, यंत्राचा आवाज दूर गेल्यासारखे काही नाही. शिंका सीपीएमइतक्या साफ थांबल्या नाहीत, दिवसातून चार-दोन येत राहिल्या, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. शिवाय ती कामाला लागायला दोनेक तास घेते, तेव्हा यंत्र सुरू व्हायच्या वेळी नव्हे, सकाळच्या चहाच्या वेळेला घ्यावी.

एक अडचण मात्र आमच्या भागातल्या माणसाला फार लवकर भेटते. हंगामाच्या सुरुवातीला सलग दोन दिवस या गोळीचा मला काही म्हणता काही गुण आला नाही आणि पैसे वाया गेले असे वाटू लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने नेहमीप्रमाणे आंबिया बहाराच्या संत्र्यांचा रस काढून पेला हातात दिला आणि मी त्याच्याच घोटासोबत गोळी तोंडात टाकणार, तेवढ्यात पट्टीच्या खोक्यातला घडी घातलेला कागद मला आठवला. त्यावर बारीक अक्षरांत लिहिले होते की गोळी पाण्यासोबत घ्यावी, फळांच्या रसासोबत घेऊ नये. पेला खाली ठेवला, माठातले पाणी घेतले, आणि दुपारी धुळीत उभा असताना नाक मोकळे होते.

याचे कारण मला या सगळ्या वाचनात सर्वांत सुंदर वाटले. जो रेणू चरबीच्या आवरणातून पाझरत नाही म्हणून मेंदूत जात नाही, तोच रेणू आतड्याच्या भिंतीतूनही आपसूक पाझरत नाही. आतड्यात त्याला आत घ्यायला दुसरी वाहक प्रथिने लागतात, आणि संत्रे, पपनसाच्या जातीचे ग्रेपफ्रूट आणि सफरचंद यांच्या रसातली द्रव्ये नेमकी त्याच वाहकांना अडवतात. म्हणून रसासोबत घेतलेली गोळी बरीचशी रक्तात न उतरता पोटातून तशीच पुढे जाते. मेंदूपासून दूर राहण्याचा जो गुण आहे त्याचीच ही दुसरी बाजू. अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असलेले पित्ताचे पातळ औषध लगोलग घेतले तरी गोळी कमी शोषली जाते. वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात हंगाम धुळीचा आणि संत्र्याचा एकाच वेळी येतो, तेव्हा आमच्याकडे तरी गोळी देताना ‘पाण्यासोबतच’ हे सांगितलेच पाहिजे. संत्रे सोडण्याची गरज नाही. मी गोळी सकाळी पाण्यासोबत घेतो आणि संत्री दुपारनंतर खातो.

फेक्सोफेनाडिनचा खरा दोष तिची किंमत आहे. नावाजलेल्या कंपनीची पट्टी सेट्रिझिनच्या पट्टीच्या कित्येक पट महाग पडते, आणि रोजमजुरीवर हडंब्याला येणाऱ्या माणसाला ती परवडत नाही, म्हणजे ज्याचा हात यंत्राच्या तोंडाशी सर्वांत जास्त वेळ असतो त्यालाच झोप आणणारी गोळी मिळते. जनऔषधी केंद्रात हीच गोळी मूळ औषधाच्या नावाने पुष्कळ स्वस्त मिळाली. फक्त त्यासाठी मला तालुक्याला जावे लागले. गुणात मला फरक जाणवला नाही.

तिन्ही गोळ्यांनी दमा थांबत नाही. छातीत घरघर किंवा धाप असेल तर गोळी बदलत न बसता डॉक्टरांकडे जावे. आणि गोळी कोणतीही असो, तोंडाला ओला गमछा बांधणे आणि वाऱ्याची दिशा पाहून यंत्र लावणे सुटत नाही.

आता आमच्या घरात असे ठरले आहे की हडंब्यावर आणि गाडीवर जाणाऱ्याने फेक्सोफेनाडिन घ्यायची, घरी झोपणाऱ्याने गरज पडल्यास रात्री सेट्रिझिन, आणि सीपीएम घरात ठेवायची नाही. आम्ही नेहमी जातो त्या दुकानदाराला मी पट्टी कापताना नावाचा भाग माझ्याकडे येईल अशी कापायला सांगितले. आधी त्याला ते जिकिरीचे वाटले, पण त्या दुपारचा प्रसंग ऐकल्यावर तो स्वतःहून गिऱ्हाइकाला ‘आज मशीनवर आहे काय भाऊ?’ असे विचारू लागला आहे. पुढच्या आठवड्यात आमच्या तुरीची मळणी आहे. भावासाठी, माझ्यासाठी आणि हडंब्यासोबत येणाऱ्या दोघांसाठी चार दिवस पुरतील इतक्या गोळ्या डॉक्टरांना विचारून मी आणून ठेवल्या आहेत, आणि पुडीवर निळ्या पेनाने ‘सकाळी, पाण्यासोबत’ असे लिहिले आहे.